पतिघ्नी की पतिघातिनी?

प्रश्न असा आहे : एका गुन्हेकथेचा मराठी अनुवाद चालू आहे. तिच्यातल्या बाईची तीन लग्नं झाली, तिन्ही नवरे एकामागोमाग गेले आणि आता पोलिसांचा तिच्यावर संशय आहे. मूळ मजकुरात तिला 'ब्लॅक विडो' म्हटलं आहे. मराठीत 'काळी विधवा' म्हणावं, 'विषकन्या' म्हणावं की 'पतिघ्नी'? आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नसताना यांतला कोणता शब्द चालेल?

'काळी विधवा' नको. इंग्रजीत हे नाव एका कोळ्याचं आहे. त्या कोळ्याची मादी मीलनानंतर कधीकधी नराला खाते, सगळ्या जातींत नेहमीच असं घडत नाही, पण समज पक्का झाला आणि तो बाईला चिकटला. मराठी वाचकाच्या मनात हा कोळीच नाही. त्यामुळे 'काळी' हा तिच्या रंगाचा उल्लेख वाटतो, आणि 'विधवा' हा शब्द, ज्याच्याभोवती आपल्याकडे एवढं दुःख आणि एवढी अवहेलना साचली आहे, तो विनाकारण खुनाच्या आरोपात ओढला जातो. खुद्द 'विधवा' शब्दात दोषाचा लवलेश नाही. लॅटिन 'विदुआ' त्याचाच भाऊबंद. मुळातला अर्थ वियोगाचा, एकटं उरण्याचा. 'धव' म्हणजे पुरुष, नवरा आणि तो नसलेली ती वि-धवा, ही फोड यास्काच्या निरुक्तातही, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या ग्रंथातही, दिली आहे. पण 'धव' हा शब्दच 'विधवा' फोडून मागाहून काढलेला, असं आधुनिक भाषाशास्त्र मानतं.

'विषकन्या'ही इथे बसत नाही. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात राक्षस नावाच्या मंत्र्याने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो आणि मरतो तो पर्वतक. म्हणजे विषकन्या हे दुसऱ्याने चालवलेलं शस्त्र आहे. कुणाला मारायचं हे ती ठरवत नाही, ज्याला मारायचं तो तिचा नवरा असावा अशीही अट नाही. तुमच्या कथेतल्या बाईवरचा संशय नेमका उलटा आहे : बेत तिचा, हात तिचा, लाभ तिचा.

आता 'पतिघ्नी'. यावर थांबून बोलायला हवं, कारण शब्द दिसतो अगदी चपखल आणि अर्थाने निघतो भलताच.

'हन्' म्हणजे मारणं, त्यावरून 'घ्न', स्त्रीलिंगी 'घ्नी'. म्हणून पतिघ्नी म्हणजे नवऱ्याला मारणारी, असं सरळ वाटतं. पण पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र केलं आहे : 'लक्षणे जायापत्योष्टक्' (३.२.५२). 'जाया' (बायको) किंवा 'पति' हे पद आधी ठेवून 'हन्' धातूला 'टक्' हा प्रत्यय लागतो तो कर्त्याच्या अंगी तसं लक्षण असेल तेव्हा. म्हणजे पतिघ्नी ती, जिच्या ठायी नवऱ्याच्या मरणाचं चिन्ह आहे. तिने काही केलं असण्याची गरज नाही. पुढचंच सूत्र कर्ता माणूस नसेल तेव्हाचं आहे, आणि काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, त्याची उदाहरणं दिली आहेत ती फार बोलकी आहेत : 'जायाघ्नस्तिलकालकः' आणि 'पतिघ्नी पाणिरेखा'. बायकोला मारणारा तीळ. नवऱ्याला मारणारी तळहातावरची रेष. इथे मारेकरी आहे ती रेष!

हा अर्थ व्याकरणकारांनी हवेतून आणलेला नाही. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात (१०.८५.४४) वधूला 'अघोरचक्षुरपतिघ्न्येधि' असं म्हटलं आहे : तुझी नजर घोर नसो, तू पतिघ्नी नसावीस. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती विधींच्या ग्रंथात चतुर्थीकर्माच्या, म्हणजे लग्नानंतर चौथ्या दिवशीच्या विधीच्या, आहुतींत अग्नीला विनवणी आहे की हिच्यातली जी 'पतिघ्नी तनू' असेल ती नाहीशी कर. बोहल्यावर चढलेल्या मुलीने विष कालवलं असेल असा संशय यात कुणीच घेत नाही. तिच्या शरीरात, तिच्या असण्यातच नवऱ्याचं मरण दडलेलं असू शकतं, ही ती भीती. ती भीती विधीने घालवायची.

मला या सूत्रात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाणिनीने 'जाया' आणि 'पति' दोघांना एकाच दमात घेतलं. भाषेत जायाघ्न पुरुषही होता आणि पतिघ्नी स्त्रीही. मराठीपर्यंत पोचेतो ही जोडी फुटली. ज्याची बायको गेली त्याच्यासाठी आपल्याकडे 'बिजवर' हा नुसती माहिती देणारा शब्द आला, दुसऱ्यांदा लग्नाला उभा राहिलेला एवढाच त्याचा अर्थ. जिचा नवरा गेला तिच्या वाट्याला मात्र 'पांढऱ्या पायाची' आलं, 'नवऱ्याला खाल्लं', 'नवऱ्याला गिळून बसली' आलं. ही वाक्यं नीट ऐका. क्रियापद कर्तरी आहे, कर्ता ती बाई आहे, आणि कृत्य मात्र कुठेच नाही. नवरा तापाने गेला, बुडाला, म्हातारपणाने गेला, तरी वाक्यातली कर्ती तीच. पतिघ्नी शब्दातली जुनी भीती या बोलीत शिवी होऊन जिवंत राहिली आहे.

म्हणूनच तुमच्या अनुवादात 'पतिघ्नी' घातला तर अर्थ दोन्ही बाजूंनी बिघडतो. तिने खरोखर खून केले असतील तर हा शब्द ते तिच्या नशिबावर ढकलतो, आणि केले नसतील तर केवळ तीन नवरे मेले म्हणून तिला दोषी धरतो.

मग प्रत्यक्ष कृत्यासाठी संस्कृतात काय आहे? एक 'भर्तृघ्नी'. याज्ञवल्क्यस्मृतीत आशौचाच्या प्रकरणात (३.६) ज्यांचं सुतक पाळू नये, ज्यांना उदक देऊ नये अशांच्या यादीत चोर, मद्यपी स्त्रिया यांच्याबरोबर भर्तृघ्नी येते. तिथे ती खरोखर नवऱ्याला मारणारीच आहे, तळहातावरच्या रेषेचा संबंध नाही. तेव्हा दोष 'घ्नी' या रूपाचा नाही, 'पतिघ्नी' या शब्दाच्या चरित्राचा आहे. पण 'भर्तृघ्नी' मराठी वाचकाला उच्चारतानाच अडेल, म्हणून तो बाजूला ठेवू.

दुसरा शब्द 'पतिघातिनी', आणि माझं मत याच्या बाजूने आहे. पाणिनीचं 'कर्मणि हनः' (३.२.८६) हे सूत्र भूतकाळाच्या अधिकारात, म्हणजे घडून गेलेल्या क्रियेबद्दलच्या सूत्रांत येतं. काशिकेतली उदाहरणं 'पितृव्यघाती', 'मातुलघाती' : ज्याने चुलत्याला मारलं, मामाला मारलं. तिथेच असंही सांगितलं आहे की हे रूप निंद्य कृत्याला लावावं. चोराला मारणाऱ्याला ते लागत नाही. म्हणजे कृत्य घडून गेलेलं हवं आणि ते निंद्य हवं. आज मराठी कानालाही हा फरक जाणवतो. 'कृमिघ्न औषध' म्हणताना आपण औषधाचा गुण सांगतो, बाटली अजून फोडलेलीही नसते. 'विश्वासघातकी' म्हणताना मात्र कुणाचा तरी विश्वास मोडून झालेला असतो. मराठीत 'घ्न' बहुधा गुण सांगतो, 'घाती' आणि 'घातकी' करणी सांगतात.

पण याच कारणाने 'पतिघातिनी' संशयाच्या टप्प्यावर वापरता येत नाही. शब्दातच निकाल आहे. तुमच्या कथेत निकाल लागेपर्यंत तो राखून ठेवा.

निकाल आणि संशय यांतलं अंतर किती मोठं असू शकतं याचं उदाहरण म्हणून इंग्लंडमधली मेरी ॲन कॉटन आठवते. डरहॅम परगण्यातली ही बाई चारदा लग्नाला उभी राहिली, त्यांतले तीन नवरे मेले, मुलंही मेली, आणि अनेक मृत्यूंनंतर विम्याचे पैसे तिच्या हाती आले. आर्सेनिकच्या विषबाधेत होणाऱ्या उलट्या-जुलाब त्या काळी पोटाच्या तापात सहज खपून जात. जो एक नवरा वाचला त्याने विमा उतरवण्याच्या तिच्या तगाद्यामुळे सावध होऊन तिला घराबाहेर काढलं होतं. २४ मार्च १८७३ रोजी तिला डरहॅमच्या तुरुंगात फाशी दिली गेली. पण कोणत्या खुनासाठी? सात वर्षांच्या सावत्र मुलाच्या. नवऱ्यांच्या मृत्यूंबद्दल तिच्यावर खटला चालून निकाल लागलाच नाही. म्हणजे जगाने जिला नवरे मारणारी म्हणून लक्षात ठेवलं, ती न्यायालयाच्या कागदावर बालकाची खुनी आहे. तिच्याबद्दल अचूक मराठी वाक्य असं होईल : 'सावत्र मुलाच्या खुनात दोषी ठरलेली आणि तीन नवऱ्यांच्या खुनाचा संशय असलेली.' लांब आहे, पण त्यातला एकही शब्द खोटा नाही.

तेव्हा संशयासाठी एकशब्दी नाम शोधू नका. मराठीची ताकद इथे तिच्या विशेषणात्मक रचनेत आहे. 'जिच्यावर नवऱ्यांच्या खुनाचा संशय आहे ती', 'नवऱ्यांना विष दिल्याचा आळ असलेली बाई' : यातला 'आळ' शब्द मला फार आवडतो. 'संशय' पोलिसांचा असतो, 'आळ' गावाचा, नातेवाइकांचा. आणि 'आळ' म्हटलं की तो खोटाही असू शकतो, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. शेजारणींच्या संवादात 'आळ' वापरा, पोलिसांच्या तोंडी 'संशयित', खटला उभा राहिला की 'आरोपी'. 'संशयी' मात्र चुकूनही नको. संशयी म्हणजे दुसऱ्यावर संशय घेणारी. हा घोळ छापील बातम्यांतही दिसतो, आणि त्यात बिचारी आरोपी बाईच नवऱ्यावर वहीम घेणारी ठरते.

दोष सिद्ध झाल्यावरही 'पतिघातिनी'ला एक मर्यादा आहे : समासात वचन लपतं. एक नवरा मारला की तीन, कळत नाही. तिथे 'तीन नवऱ्यांची खुनी' हे साधं मराठी सरस ठरतं. 'खुनी' दोन्ही लिंगांत तसाच राहतो, म्हणून 'खुनीण' करायची गरज नाही. 'मारेकरी'त मारायला धाडलेल्या माणसाची छटा आहे, ती इथे नको. पाकीटमार, मासेमार यांच्या चालीवर 'नवरेमार' करता येईल, पण मेलेल्या माणसांबद्दल बोलताना तो फार हलका पडतो.

आणि लिहिताना : सुटा शब्द 'पती' दीर्घ, समासात 'पतिघातिनी' ऱ्हस्व. 'पतीघातिनी' असं छापू नका.