मित्रासोबत नेदरलँड्सची शहरं कमी खर्चात कशी फिरावीत?

मुक्काम युट्रेख्तला ठेवा. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के पर्यटक कर लागतो, आणि युट्रेख्तहून ते ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. लायडन, द हेग, रॉटरडॅमही एका दिवसात जाऊन-येऊन होतात.

पैसे खरे वाया जातात ते स्टेशनवर. तिकिटाऐवजी बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना टॅप केलं, तर बाहेर पडतानाही तेच टॅप करायचं. आत प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर मोबाइल, असं अजिबात करू नका: यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि जादा पैसे कापले जातात. दोघांना दोन कार्डं हवीतच. छोट्या स्टेशनांवर गेट नसतं, नुसता खांब असतो. तिथे टॅप करायचं हमखास राहून जातं.

ॲमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनच्या मागून सुटणारी फेरीबोट मात्र फुकट आहे, जरूर बसा.