ऑप्टिमायझेशन लावताच कर्नलमधील असेम्ब्ली का बिघडते?

प्रश्न: मी बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. प्रकल्पासाठी आम्ही एक्स-८६ संगणकावर चालणारे लहानसे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) लिहिले आहे. त्यात सी भाषेतील एक फंक्शन आधी बफर (माहिती ठेवण्याची मेमरीतील जागा) भरते आणि मग असेम्ब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या, एका ओळीने त्याचा पत्ता उपकरणाच्या पोर्टवर पाठवते. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी आपोआप होणारे फेरबदल) बंद असताना सारे ठीक चालते. ‘ओ-टू’ ही त्याची पातळी लावली की उपकरणाला बफर रिकामाच मिळतो. असेम्ब्लीच्या ओळीला ‘व्होलाटाइल’ हा शब्द जोडूनही फरक पडला नाही. ऑप्टिमायझेशन बंदच ठेवावे का? वर्गात सारे इंग्रजीतून चालते, म्हणून मराठीत खुलासा हवा आहे.
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर: बंद ठेवू नये. लिनक्सचे कर्नलही सहसा ‘ओ-टू’ लावूनच बांधतात. दोष तुमच्या ओळीत आहे. असेम्ब्लीच्या अवतरणचिन्हांतील सूचनांचा अर्थ जीसीसी हा कंपायलर (सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लावत नाही. त्या काय वाचतात आणि काय बदलतात, हे त्याला केवळ कोलननंतरच्या आउटपुट, इनपुट व क्लॉबर (याशिवाय जे काही बदलते ते) या याद्यांवरून कळते. तुम्ही पत्ता रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतील छोट्या साठ्यातला) निव्वळ आकडा म्हणून दिला आहे आणि त्या पत्त्यावरची मेमरी कोणी वाचणार असल्याची नोंद कोठेच नाही. त्यामुळे बफर भरणारी विधाने असेम्ब्लीच्या पलीकडे ढकलण्यास, आणि बफर स्थानिक असून पुढे वापरला जात नसेल तर ती साफ गाळण्यासही कंपायलर मोकळा राहतो. ‘व्होलाटाइल’ने असेम्ब्लीचे विधान टिकते, पण भोवतालच्या साध्या विधानांचा क्रम बांधला जात नाही. शिवाय आउटपुट नसलेले विधान मुळातच व्होलाटाइल मानले जाते, तेव्हा तुमच्या दुरुस्तीने काही बदलणारच नव्हते.

क्लॉबर यादीत ‘मेमरी’ लिहा. लिनक्समधील ‘बॅरियर’ हा मॅक्रो म्हणजे रिकामी असेम्ब्ली आणि हाच एक शब्द. मात्र त्यामुळे रजिस्टरांत धरून ठेवलेली इतर मूल्येही मेमरीतून पुन्हा वाचावी लागतात. बफरचा आकार आधीच ठाऊक असेल, तर तो बफरच ‘एम’ बंधनाचा (मूल्य मेमरीत आहे असे सांगणाऱ्या खुणेचा) इनपुट म्हणून देणे मला अधिक नेटके वाटते. हा सारा बंदोबस्त कंपायलरपुरता आहे. एआरएम प्रकारच्या संगणकांवर खुद्द प्रोसेसरने क्रम बदलू नये यासाठी ‘डीएमबी’सारखी वेगळी सूचना लागते.

एकाच विधानात अनेक सूचना असतील आणि सर्व इनपुट वाचून होण्याआधी आउटपुट लिहिले जात असेल, तर त्या आउटपुटच्या बंधनात ‘अँड’चे चिन्ह (&) घाला; नाहीतर कंपायलर दोघांना एकच रजिस्टर देऊ शकतो. हीही चूक ऑप्टिमायझेशन लावेपर्यंत बहुधा दडून राहते.

बदल केल्यावर ‘ऑब्जडम्प’ या साधनाने ‘ओ-टू’ची फाइल असेम्ब्लीत उलगडा आणि बफरमध्ये लिहिणाऱ्या सूचना पोर्टवर पाठवणाऱ्या ‘आउट’ या सूचनेच्या आधी आल्या आहेत ना, हे पाहून घ्या.