ओठावरच्या व्रणावरून मुलीला शाळेत चिडवतात, तिला काय सांगू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी दुसरीत आहे. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले होते, दोन्ही शस्त्रक्रिया तान्हेपणीच झाल्या. जूनमध्ये ऐरोलीला राहायला आलात आणि नव्या शाळेत 'फाटकी', 'गेंगाणी' सुरू झालं. आता रोज सकाळी तिच्या पोटात दुखतं. तिला काय सांगायचं आणि शाळा बदलायची का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी अशाच ओठाची. कळव्यात वाढले, आता ठाण्यात नोकरी आणि संसार दोन्ही. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही, पण हा चेहरा घेऊन चाळिशी गाठली आहे, तेवढ्या बळावर लिहिते.

'तू आम्हाला किती छान दिसतेस' हे तिला जरूर सांगा. पण मधल्या सुट्टीत डबा उघडताना समोरचा मुलगा नाक दाबून तिच्यासारखं बोलून दाखवतो, तेव्हा हे वाक्य कामाला येत नाही. तिथे तिच्या तोंडात स्वतःचं एक तयार उत्तर लागतं. ते उत्तर घरी बसवून घ्यावं लागतं, आपोआप सुचत नाही. मोठ्यांनाही सुचत नाही.

त्याआधी तिला स्वतःबद्दल नीट माहिती हवी. पुष्कळ घरांत हा विषय निघाला की 'जाऊ दे, खेळायला जा' होतं आणि मुलाला वाटतं की काहीतरी लाजिरवाणं घडलंय. साध्या शब्दांत सांगा. बाळ पोटात असताना वरचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्याच्या थोडं पुढे. तुझा जुळायचा राहिला, मग डॉक्टरांनी शिवला. जगात साधारण दर ७०० जन्मांमागे एका बाळाचं असं होतं. शस्त्रक्रियेआधीचे फोटो कपाटात वर ठेवले असतील तर खाली काढा आणि तिच्यासोबत बसून बघा.

आता ग्रहण. तुम्ही लिहिलं नाहीये, पण सासरी-माहेरी कुणीतरी 'ग्रहणात विळीवर बसली असेल' म्हटलंच असणार, आणि मुलांचे कान तिखट असतात. सूर्याची आणि चंद्राची मिळून वर्षाला किमान चार ग्रहणं होतात आणि त्यांचे हंगाम साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात. म्हणजे पृथ्वीवरच्या कुठल्याही बाईचे नऊ महिने ग्रहणाविना जातच नाहीत. मग सगळ्यांचेच ओठ चिरायला हवे होते. शिवाय ओठ जुळतो त्या दिवसांत कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. यामागे आनुवंशिक आणि इतर कारणांची गुंतागुंत असते, बहुतेक वेळा एक असं कारण सापडत नाही. आईने काही कापल्यामुळे होत नाही, एवढं मात्र नक्की. हे आजीला, मुलगी ऐकेल अशा आवाजात, एकदा सांगून टाका. आजीचं मत बदललं नाही तरी चालेल. मुलीला कळलं पाहिजे की आईने काही केलेलं नाही.

उत्तर कसं असावं, ते मी माझ्या आईकडून शिकले. कळव्याहून दादरला जाताना लेडीज डब्यात समोर वाटाणे सोलत बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे बघत आईला विचारलं, "काय झालं हो हिला? ग्रहण पाळलं नव्हतंत का?" आई म्हणाली, "तिलाच विचारा, ती सांगेल." मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं: "पोटात ओठ जुळला नव्हता, डॉक्टरांनी शिवला. आता दुखत नाही. तुम्ही कुठे उतरणार?" बाई म्हणाल्या, "बरं बाई," आणि मूठभर वाटाणे माझ्या हातावर ठेवले. आईने माझ्या डोक्यावरून कधी कुणाला उत्तर दिलं नाही. त्या वयात तिचा रागच यायचा.

त्या उत्तराचे तीन तुकडे आहेत आणि ते अजूनही चालतात. काय झालं ते एका वाक्यात. मग समोरच्याची भीती काढणं: दुखत नाही, कुणाला लागण होत नाही. आणि लगेच दुसरा विषय. मुलांमध्ये हा तिसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. सोसायटीच्या खाली नवीन मूल टक लावून बघायला लागलं तर "जन्मतःच असं आहे, दुखत नाही, चल, राज्य कुणावर?" एवढ्यात काम होतं. बहुतेक मुलं बघतात ती कुतूहलाने. उत्तर मिळालं की त्यांना खेळाचीच घाई असते.

मुद्दाम चिडवणाऱ्याचं वेगळं. त्याला माहिती नको असते, त्याला रडणं बघायचं असतं. तिथे ओठाची हकिकत सांगत बसायचं नाही. "मला नावाने हाक मार," एवढंच, सपाट आवाजात, एकदाच, आणि तिथून मैत्रिणीकडे किंवा बाईंकडे चालू पडायचं. डोळ्यांत बघणं जड जात असेल तर त्याच्या भुवयांच्या मधे बघायला शिकवा, समोरच्याला फरक कळत नाही. नुसतं 'दुर्लक्ष कर' हा सल्ला मला पटत नाही. सात वर्षांच्या मुलीने दुर्लक्ष करायचं म्हणजे गप्प बसून ऐकायचं, दुसरं काय? आणि 'तूही त्याला जाड्या म्हण' हेही नको. त्या भांडणात शेवटी बाई दोघांना उभं करतात.

सराव संध्याकाळी करा, रडून आल्या आल्या नाही. आधी खाऊ द्या, हात-पाय धुऊ द्या. मग तुम्ही शाळेच्या व्हॅनमधला चिडवणारा मुलगा व्हा आणि ती उत्तर देईल. पण त्याआधी एकदा उलटं करून बघा: तिला चिडवणारा होऊ द्या, तुम्ही ती व्हा. नेमके कुठले शब्द, कुठल्या आवाजात, कोण मागे उभं राहून हसतं, हे सगळं त्या नाटकात बाहेर येतं. विचारून ती सांगणार नाही.

जे बाहेर येईल ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. मग वर्गशिक्षिकांना वेळ घेऊन भेटा, शाळा सुटताना गेटवर उभ्या उभ्या नको. 'जरा लक्ष द्या' असं मोघम सांगितलंत तर 'हो हो' असं मोघमच उत्तर मिळेल. जागा बदला, व्हॅनमध्ये हिला काकांच्या मागच्या सीटवर बसवा, मधल्या सुट्टीत जिन्याशी कुणीतरी असू द्या, असं नेमकं मागा. चिडवणं बहुतेक वेळा शिक्षक नसतात तिथेच होतं: व्हॅन, जिना, स्वच्छतागृहाची रांग. व्हॅनवाल्या काकांशी वेगळं बोला, बरेचदा तेच जास्त उपयोगी पडतात. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा, की तिला वर्गापुढे उभं करून 'हिला कुणी चिडवायचं नाही' असं भाषण नको. माझ्या शाळेत एका बाईंनी अगदी चांगल्या मनाने ते केलं होतं, आणि ज्यांचं माझ्या ओठाकडे लक्षही नव्हतं त्यांचंही गेलं. वर्गाला काही सांगायचं असेल तर काय आणि कुणी, हे आधी मुलीला विचारा.

तोंडी सांगून फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की शाळा जागी होते. टोमणा शिक्षकांकडूनच येत असेल तर शिक्षणहक्क कायदा, २००९ चं कलम १७ मुलाचा मानसिक छळही मना करतं, अर्जात त्याचा उल्लेख करा. त्यापुढे गेलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

'गेंगाणी' हा शब्द मात्र मी वेगळा काढेन, कारण त्यावर उपचार असू शकतो. टाळू शिवल्यानंतरही काही मुलांच्या टाळूची मागची मऊ पडदी बोलताना पुरती बंद होत नाही आणि हवा नाकातून जाते. कधी वाचा-उपचाराने भागतं, कधी आणखी एक शस्त्रक्रिया लागते, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. त्याच वेळी कानही तपासून घ्या. टाळूचा त्रास असलेल्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठतं, ऐकू कमी येतं, आणि शाळेतून 'लक्ष देत नाही' असा शेरा येतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण संस्था आहे, तिथे दोन्ही तपासण्या होतात. फट हिरडीतही असेल तर तिथे हाड बसवण्याची शस्त्रक्रिया सुळा येण्याआधी, साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान करतात, त्यामुळे आताच दंतवैद्यांना दाखवून ठेवा. खर्चाचा प्रश्न असेल तर स्माईल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत होतात. मुलगी सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर शाळेत मुलांची तपासणी करायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही विचारा.

पण 'मोठी झालीस की ऑपरेशन करू, मग कुणी चिडवणार नाही' असं वचन देऊ नका. नाकाचं शेवटचं काम चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे १६-१८ च्या सुमारास होतं. दहा वर्षं तिला वाट बघायला लावायची? आणि व्रण पुसट होतो, पुसला जात नाही. अशा मुलांनी चित्रकला नाहीतर गाण्यात चमकलंच पाहिजे हा घरच्यांचा हट्टही मला आवडत नाही. तिला मधल्या बाकावरची साधी मुलगी राहू द्या. एक मैत्रीण शनिवारी घरी बोलवा, दोघींना मॅगी करून द्या, तेवढ्याने पुष्कळ होतं.

पोटात दुखणं हे नाटक नाही, खरंच दुखतं. शाळा बुडवू नका, पण त्या दिवशी काय आहे ते विचारा. पीटीच्या तासालाच दुखत असेल तर गाठ तिथे आहे. ती झोपेतून दचकून उठायला लागली, जेवण टाकलं, किंवा 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलली, तर थांबू नका. बालमानसतज्ज्ञांकडे जा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

शाळा बदलण्याबद्दल: आत्ता नको. नव्या शाळेतही पहिल्या आठवड्यात हेच प्रश्न येतील आणि उत्तराशिवाय गेली तर पुन्हा तेच होईल. दिवाळीपर्यंत वरचं सगळं करून बघा. शाळेने लेखी अर्जावरही हात झटकले, किंवा शिक्षकच त्यात सामील असले, तर पुढच्या जूनला बेलाशक बदला. प्रवेश घेण्याआधी तिला सोबत नेऊन तिथल्या बाईंशी तिला स्वतःला बोलू द्या आणि तुम्ही जरा मागे उभ्या राहा. त्या तुमच्याकडे बघून बोलतात की तिच्याकडे, ते बघूनच फॉर्म भरा.