विमानांचं बोलणं ऐकायला स्वस्तातला हातात धरायचा रेडिओ स्कॅनर (एकामागून एक चॅनेल आपोआप चाळणारा रेडिओ) पुरेल का?
पुरेल, पण माहितीपत्रकात ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ आणि त्यापुढे ‘एएम’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. वैमानिक आणि विमानतळाचा नियंत्रण टॉवर एएमवर, म्हणजे एफएमहून वेगळ्या रेडिओ पद्धतीने बोलतात. बरेच स्वस्त वॉकीटॉकी हाच पट्टा दाखवतात, पण ऐकतात एफएमने. मग हाती नुसती खरखर. दुसरं, नको तो चॅनेल वगळायचं बटण हवंच, नाहीतर एटीआयएसचं, म्हणजे विमानतळाच्या आपोआप वाजत राहणाऱ्या माहितीचं, अखंड हवामानपुराण लागलं की स्कॅन तिथेच अडकून बसतो. सोबतचा बोटभर अँटेना बदलून साधारण ६० सेंटीमीटरचा लावलात तर आवाज बराच सुधारतो. उंचावरचं विमान दोनशे किलोमीटरवरूनही ऐकू येईल. मध्ये टेकडी असेल तर जवळचा टॉवर मात्र येणार नाही, मग स्कॅनर कितीही महाग घ्या. काही देशांत असं ऐकायलाही बंदी आहे, तेवढं आधी तपासा.