वाचक विचारतात : उरलेल्या सावरडो स्टार्टरचं काय करायचं?

सावरडो म्हणजे विकतच्या यीस्टशिवाय, पीठ-पाण्याच्या आंबवलेल्या मिश्रणाने फुगवलेला पाव; हे मिश्रण म्हणजेच स्टार्टर. घरी असा पाव करणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे प्रश्न बहुतेक एकाच गोष्टीभोवती आहेत : स्टार्टरला नवं पीठ-पाणी देण्याआधी जो भाग बाजूला काढावा लागतो, तो वापरायचा कसा? खालची मापं पीठ आणि पाणी समान वजनाने घातलेल्या स्टार्टरची आहेत. अशा १०० ग्रॅम स्टार्टरमध्ये ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी असतं. हे पीठ-पाणी हिशेबात न धरल्यामुळेच निम्मे पदार्थ बिघडतात.

प्रश्न : उरलेला स्टार्टर कणकेत मिसळते. कणीक आधी छान वाटते, पण तासाभराने सैल पडून चिकटते आणि पोळी लाटताना फाटते. (विश्रामबाग, सांगली)

इथे दोन गोष्टी होत असणार. एक म्हणजे पाणी जास्त पडतंय. २५० ग्रॅम कणकेत १०० ग्रॅम स्टार्टर घातला तर एकूण पीठ ३०० ग्रॅम होतं. त्याला साधारण १८० मिली पाणी लागतं, पण ५० स्टार्टरमधूनच आलेलं असतं. म्हणून वरून १३० मिलीच घाला, तेही थोडं थोडं.

दुसरं कारण आंबटपणाचं. स्टार्टर जितका जुना, तितका तो आंबट. आंबट पिठात गव्हाचा चिकटपणा धरून ठेवणारं ग्लुटेन हळूहळू तुटत जातं, आणि उन्हाळ्यात हे फार वेगाने होतं. त्यामुळे पोळ्यांसाठी एक-दोन दिवसांचाच स्टार्टर घ्या, वर दिलेल्या प्रमाणापेक्षा वाढवू नका आणि कणीक २० ते ३० मिनिटंच झाकून ठेवा. सकाळी मळून संध्याकाळी लाटायची असेल तर ती फ्रीजमध्येच हवी.

प्रश्न : नुसत्या स्टार्टरची धिरडी केली. रबरासारखी झाली आणि तव्याला चिकटली. (वाई)

नुसता स्टार्टर म्हणजे नुसतं गव्हाचं पीठ, त्यामुळे धिरडं चिवट होणारच. त्यात ग्लुटेन नसलेली पिठं मिसळायला हवीत. २०० ग्रॅम स्टार्टरला ६० ग्रॅम तांदळाचं पीठ, ४० ग्रॅम बेसन, चमचाभर मीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा जिरं, बारीक चिरलेला एक कांदा, दोन मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर घ्या. पाणी १०० ते १२० मिली. तांदळाच्या पिठाने कडा कुरकुरीत होतात, बेसनाने धिरडं मऊ राहतं. गुठळ्या मोडल्या की ढवळणं थांबवा, जास्त घोटलं तर चिवटपणा परत येतो. १५ मिनिटं ठेवलं की तांदळाचं पीठ पाणी पितं. मग घट्ट वाटलं तरच पाण्याचा हबका द्या.

पोळ्यांच्या उलट, धिरड्यांना फ्रीजमधला चार-पाच दिवसांचा स्टार्टरच चांगला, कारण त्यातलं ग्लुटेन आधीच सैल झालेलं असतं.

तव्याचं सांगायचं तर, बिडाचा तवा चांगला तापू द्या, अर्ध्या कांद्याने तेल फिरवा, पहिलं धिरडं लहान घाला. झाकण ठेवून मध्यम आचेवर दोन मिनिटं, मग कड आपोआप सुटल्यावरच उलथणं घाला. त्याआधी घातलं तर फाटणारच. नवा, नीट न मुरवलेला तवा आंबट पिठाने आणखी उघडा पडतो. तोवर नॉनस्टिक वापरा.

फार आंबट असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो, पण अगदी शेवटी, तव्याजवळ उभं राहिल्यावर. सोडा आंबटाला लागताच वायू सुटू लागतो आणि थोड्या वेळात संपतो. धिरड्यावर तांबडे ठिपके दिसले तर घाबरू नका, सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही एवढंच. सोड्याने हळद तांबडी होते. साबणासारखी चव आली तर मात्र ते पीठ सुधारत नाही.

भाजणीतही स्टार्टर जातो : २०० ग्रॅम भाजणीला ८० ग्रॅम, आणि पाणी ११० मिलीच्या आसपास. याहून जास्त घातला तर थालीपीठ खुसखुशीत होत नाही.

प्रश्न : इडलीच्या पिठात घातला तर थंडीत लवकर फुगेल का? (कराड)

नको. उडीद-तांदळाचं पीठ स्वतःच आंबतं. गहू मिसळला की इडली चिकट आणि बसकी होते. थंडीत पिठाचं पातेलं उबदार जागी ठेवणं हाच उपाय.

प्रश्न : तळणीसाठी काही? (तासगाव)

खारी शंकरपाळी. १५० ग्रॅम स्टार्टर, १५० ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम बारीक रवा, ३५ ग्रॅम कडकडीत तेलाचं मोहन, चमचाभर मीठ, अर्धा चमचा ओवा. मोहन आधी कोरड्या पिठाला चोळा, मूठ वळली पाहिजे, मग स्टार्टर घाला. गोळा होत नसेल तरच दोन-तीन चमचे दूध. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून दोन मिलिमीटर जाड लाटा, काट्याने टोचे मारा आणि मंद आचेवर तळा. टोचे मारले नाहीत किंवा तेल फार तापलं तर पुरीसारखी फुगते आणि गार झाल्यावर मऊ पडते.

प्रश्न : फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो? वर करडं पाणी येतं. (मिरज)

आठ-दहा दिवसांत संपवा. करडं पाणी म्हणजे स्टार्टर उपाशी आहे, त्यात थोडा अल्कोहोल असतो. ओतून टाका किंवा ढवळून घ्या. गुलाबी किंवा केशरी छटा, केसाळ बुरशी, कुजका वास यांपैकी एक जरी दिसलं तरी सगळा फेकून द्या. वरचा थर काढून उरलेला वापरू नका.

नव्याने धरलेल्या स्टार्टरचा पहिल्या आठवड्यातला भागही स्वयंपाकात घेऊ नका. पुरेसा आंबटपणा येईपर्यंत त्यात नको ते जिवाणू वाढलेले असतात. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, झाकण सैल. तांब्या-पितळेत, ॲल्युमिनियममध्ये ठेवू नका. आणि ज्यांना गव्हाची बाधा आहे, त्यांना आंबवलेला गहूही चालत नाही.

प्रश्न : खपलीचा स्टार्टर फारसा फुगत नाही. आणि दर वेळी इतका उरू नये म्हणून काय करावं? (सातारा)

खपलीचं ग्लुटेन कमकुवत, वायू धरून ठेवत नाही. बुडबुडे आणि ताकासारखा आंबट वास असला तर तो ठीक आहे. १०० ग्रॅम खपलीला ८० ग्रॅमच पाणी घाला. हा उरलेला स्टार्टर धिरड्यांना उत्तम.

उरू नये म्हणून फ्रीजमध्ये २० ग्रॅमच ठेवा, आठवड्यातून एकदा पीठ-पाणी द्या. पाव करायचा असेल तेव्हा त्यात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घाला. उन्हाळ्यात तीन-चार तासांत, थंडीत रात्रभरात तयार होतो. १२० पैकी १०० ग्रॅम पावाला, २० ग्रॅम परत बरणीत.