दणकट आवरणाचा पेन ड्राइव्ह साध्यापेक्षा जास्त टिकतो का?

तुम्ही विचारलंय की पाण्यात पडला, उंचावरून आपटला तरी चालतो अशी जाहिरात असलेला रबरी किंवा धातूच्या आवरणाचा पेन ड्राइव्ह घेतला, तर घरचे फोटो त्यात दहा वर्षं सुरक्षित राहतील का. ड्राइव्ह दहा वर्षं दिसायला धडधाकट राहील, पण फोटो राहतीलच असं नाही. खोक्यावर जी हमी छापलेली असते ती आवरणाची असते, आतल्या डेटाची नसते.

बिघडलेल्या पेन ड्राइव्हमधून डेटा काढून देणं हे माझं रोजचं काम आहे. नुसता खाली पडून किंवा भिजून मेलेला ड्राइव्ह माझ्याकडे क्वचितच येतो. हार्ड डिस्क पडली की आतलं हेड फिरत्या तबकडीवर आपटू शकतं. फ्लॅश मेमरीत हलणारा भागच नाही. कपड्यांबरोबर धुतला गेलेला अगदी साधा ड्राइव्हसुद्धा घाईघाईने लावून न बघता दोन-तीन दिवस नीट वाळू दिला, तर बहुतेक वेळा चालतो. ओला असताना वीज मिळाली तर बहुधा खरं नुकसान होतं. (खाऱ्या किंवा साबणाच्या पाण्यात पडला असेल तर आधी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या आणि मग वाळवा. वाळवायला हेअर ड्रायर नको.) म्हणजे आवरण ज्या संकटांपासून वाचवतं, त्यातून साधा ड्राइव्हही बऱ्याचदा सुटतो.

मग ड्राइव्ह मरतात कशाने? माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतो तो उपटलेला कनेक्टर. ड्राइव्ह लॅपटॉपच्या कडेला लावलेला असतो, कुणाचा तरी हात किंवा गुडघा लागतो आणि तो बाजूला वाकतो. उघडून भिंगाखाली धरला की कनेक्टरच्या पायांभोवतीच्या सोल्डरला (पाय बोर्डाला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूला) केसाएवढी गोल चीर दिसते. कधी सोल्डर शाबूत असतं, पण त्याच्याखालचा तांब्याचा पातळ पापुद्राच बोर्डावरून उचकटलेला असतो. आता गंमत नाही तर खरी काळजीची गोष्ट ही, की दणकट ड्राइव्ह साध्यापेक्षा लांब आणि जड असतात. धक्का बाहेरच्या टोकाला लागतो आणि जितकी लांबी जास्त, तितका जोर कनेक्टरच्या मुळाशी जास्त पडतो. जाड ॲल्युमिनियमच्या नळीला ओरखडाही येत नाही आणि आतला सांधा तुटतो. म्हणून मी आखूड ड्राइव्ह घ्यायला सांगतो, किंवा मग छोटी एक्स्टेंशन केबल वापरायला.

कनेक्टरची झीज हा त्याहून किरकोळ मुद्दा. टाइप-ए, म्हणजे नेहमीचा आयताकृती कनेक्टर किमान 1,500 वेळा आणि टाइप-सी 10,000 वेळा लावता-काढता यावा अशी अपेक्षा असते. घरगुती वापरात तिथवर फारसं कुणी पोचत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थही समजून घ्या. आयपी68 ही धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही. 8 म्हणजे एक मीटर किंवा त्याहून खोल पाण्यात सतत बुडवून चाचणी झाली. किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीच सांगते. 7 असेल तर एक मीटर, अर्धा तास. ही चाचणी साध्या पाण्याची असते आणि टोपण घट्ट बसलेलं असतानाची असते. टोपणाच्या आतलं रबरी कडं एकदा निरखून बघा. खिशातल्या ड्राइव्हच्या कड्यावर कापडाचा एखादा तंतू आडवा बसलेला असतो, आणि पाणी आत शिरायला तेवढी फट पुरते. काही वर्षांनी रबर कडक होतं ते वेगळंच. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुधा अमेरिकी सैन्याच्या एमआयएल-एसटीडी-810 मधली पडण्याची चाचणी: 122 सेंटिमीटरवरून, सगळ्या बाजू, कडा आणि कोपरे धरून 26 वेळा. हे 26 आपट पाच नगांत वाटून घ्यायची त्यात मुभा आहे. शिवाय सैन्य त्यावर शिक्का मारून देत नाही. चाचणी कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते.

आता तुमच्या दहा वर्षांकडे येतो, कारण प्रश्नाचा जीव तिथेच आहे. फ्लॅश मेमरीत माहिती साठते ती विद्युतभार म्हणून, एका अतिसूक्ष्म कप्प्यात, चहूबाजूंनी विजेला अडवणाऱ्या थराच्या मागे कोंडलेली. तो थर पूर्णपणे अभेद्य नसतो, भार हळूहळू झिरपत राहतो. जुन्या एसएलसी मेमरीत एका कप्प्यात एकच बिट असे, म्हणजे भार आहे की नाही एवढंच ओळखायचं. टीएलसीमध्ये तीन बिट असतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीमध्ये सोळा. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोडी गळतीही पुरते. पुन्हा दर वेळी लिहिताना-पुसताना तो थर थोडा झिजतो. एसएलसी साधारण लाखभर वेळा लिहू देते, टीएलसी काही हजार, क्यूएलसी त्याहूनही कमी. पेन ड्राइव्हमध्ये कुठली मेमरी घातली आहे हे खोक्यावर सहसा लिहीत नाहीत. आवरण कितीही जाड असो, ह्या गळतीशी त्याचा काही संबंध नाही. उष्णतेचा मात्र मोठा संबंध आहे. उन्हात उभ्या गाडीत महिनोन्‌महिने पडलेला जलरोधक ड्राइव्ह गार कपाटातल्या प्लॅस्टिकच्या ड्राइव्हपेक्षा लवकर विसरेल.

लिहिणं चालू असताना ड्राइव्ह ओढून काढणं हे आणखी एक कारण. कुठला तुकडा कुठे ठेवला ह्याचा नकाशा आतला कंट्रोलर (मेमरीचा कारभार बघणारी चिप) सांभाळतो, आणि तोच अर्धवट लिहिला गेला तर ड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असं विचारतो किंवा क्षमता शून्य दाखवतो. सेफली रिमूव्ह करायला लागणारे दोन सेकंद कुठल्याही रबरी आवरणापेक्षा जास्त कामाचे आहेत, हे मी मनापासून सांगतो.

आणि एक गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही. तुटलेल्या कनेक्टरचा साधा ड्राइव्ह असेल तर बोर्डावर चार बारीक तारा जोडून, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या, बहुतेकदा सगळं परत मिळतं. पण काही पक्के जलरोधक ड्राइव्ह आतून इपॉक्सीने (वाळून दगडासारख्या होणाऱ्या राळेने) भरलेले असतात, आणि काहींमध्ये मेमरी व कंट्रोलर एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेले असतात. ते उघडणं जिकिरीचं, वेळखाऊ आणि महागडं होतं. की-पॅडचे, स्वतःच एन्क्रिप्शन करणारे (माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणारे) ड्राइव्ह असतील तर कंट्रोलर गेल्यावर मेमरी चिप सुटी काढूनही उपयोग नसतो. नुसत्या फोटोंसाठी ते घेऊ नका.

तुम्ही बांधकामाच्या साइटवर, शेतात, बोटीवर काम करत असाल आणि फाइली इकडून तिकडे न्यायच्या असतील, तर दणकट ड्राइव्ह जरूर घ्या. धूळ आणि चिखल कनेक्टरपासून दूर राहतो हा त्याचा खरा फायदा आहे. फोटो जपायचे असतील तर तेच पैसे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या साध्या ड्राइव्हवर किंवा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. नवा ड्राइव्ह आला की एफ3 किंवा एच2टेस्टडब्ल्यू ह्या तपासणीच्या प्रोग्रॅमने तो काठोकाठ भरून तपासा, कारण खोटी क्षमता दाखवणारे नग दणकट आवरणातही मिळतात. वर्षातून एकदा ड्राइव्ह लावा. नुसता लावून काढल्याने भार ताजा होतो असं धरू नका. फोटो संगणकावर उतरवा, चांगले असल्याची खात्री करा, ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि पुन्हा लिहा. खात्री करताना फोटो उघडून, मोठे करून बघा. फोल्डरमध्ये फाइलींची नावं दिसतात ती वेगळ्या ठिकाणी नोंदलेली असतात, त्यामुळे नावं सगळी जागच्या जागी आणि अर्ध्या फोटोंचा खालचा भाग करडा, असे ड्राइव्ह माझ्याकडे नेहमी येतात.