भावाचा आकडा ६२, माझा २८: दोष रक्ताचा की घड्याळाचा?

प्रश्न: आम्ही सख्खे भाऊ, दोघंही धडधाकट. मनगटी घड्याळात माझी हृदयगती-परिवर्तनशीलता (लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतरांतला चढउतार) २८ मिलिसेकंद दिसते, धाकट्याची ६२. हे आनुवंशिक आहे का?

उत्तर: काही अंशी, हो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसतो, पण तो एखाद्या जनुकाचा नाही. २०१७ साली युरोपीय वंशाच्या ५३,१७४ जणांच्या विश्लेषणात जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या. तिथले फरक मिळून माणसामाणसांच्या या आकड्यातली जेमतेम ०.९ ते २.६ टक्के तफावत समजावतात. त्यांतलं एचसीएन४ हे जनुक हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरमधला विद्युतप्रवाह सांभाळतं, तर आरजीएस६ हे जनुक हृदयाची गती कमी करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा ‘ब्रेक’ सोडवतं. पण या सगळ्या जागांचा वाटा एवढा लहान, म्हणून जनुकचाचणीवर पैसे घालवू नका.

आधी मोजणी तपासा. ठोक्यांमधली अंतरं ८५०, ८९०, ८६० मिलिसेकंद असतील, तर फरक ४० आणि ३०. त्यांचे वर्ग करून सरासरी काढली आणि वर्गमूळ घेतलं की सुमारे ३५. मध्येच एखादा ठोका लवकर पडला किंवा सेन्सरकडून निसटला, तर फरक ३०० च्या घरात जातो आणि वर्गामुळे सगळा आकडाच फुगतो. धाकट्याचे ६२ असेही आलेले असू शकतात!

दोघांनी ठोके मोजणारा एकच छातीचा पट्टा वापरा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, उताणं पडून एक मिनिट स्थिर व्हा. मग पाच मिनिटं नोंद, श्वास नेहमीचाच. असं सात दिवस करून सरासरी काढा. वयातलं अंतरही धरा, कारण वयाबरोबर हा आकडा उतरतोच.